लाळेतून तोंडाच्या कर्करोगाची चाहूल: चाचणी कुठवर आली आहे आणि ती कोणासाठी?

पोटातला किंवा फुप्फुसातला कर्करोग उशिरा कळतो, कारण आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. तोंडाचं तसं नाही. आ केला, बॅटरीचा उजेड पाडला, गाल बोटाने बाजूला सारला की सगळं समोर असतं. तरीही आपल्या देशात तोंडाच्या कर्करोगाचे निम्म्याहून जास्त रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात डॉक्टरांपर्यंत पोचतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण होते. त्यांतले १ लाख ४३ हजारांहून जास्त एकट्या भारतातले, आणि आपल्याकडचे मृत्यू जवळजवळ ८० हजार. पहिल्या टप्प्यात सापडला तर बहुतेक जण शस्त्रक्रियेने बरे होतात. चौथ्या टप्प्यात जबड्याचा, जिभेचा किंवा गालाचा मोठा भाग काढूनही पुढची खात्री देता येत नाही.

त्यामुळे ‘लाळेच्या थेंबावरून कॅन्सर कळणार’ अशी बातमी आली की मी ती मन लावून वाचते. दातांची डॉक्टर म्हणून इंदूरमध्ये काम करताना अशा बातम्या रुग्णांकडूनच माझ्या मोबाइलवर येतात. रामबागेतले एखादे काका विचारतात, “डॉक्टरबाई, ती लाळेची टेस्ट इथे कुठे होते हो? मुलाची करून घ्यायची आहे. पाउच सुटत नाही त्याचा.” प्रश्नामागची काळजी खरी असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. थोडक्यात सांगायचं तर संशोधन खरं आहे आणि दमदार आहे. पण आज कुठलीही लाळचाचणी बायोप्सीची, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीची, जागा घेऊ शकत नाही. उद्या चांगली चाचणी हाताशी आली तरी ती सरसकट सगळ्यांची करण्यात अर्थ नसेल, काही ठरावीक लोकांसाठी मात्र ती फार मोलाची ठरेल. ते लोक कोण, हे कळण्यासाठी आधी आपल्या तोंडात काय चालतं ते पाहावं लागेल.

पाउच आणि सुपारी

२०१७ पासून देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान वर्षानुवर्षं इंदूरला मिळाला. भिंतींवरच्या लाल पिचकाऱ्या गेल्या याचा मला मनापासून अभिमान आहे. पण थुंकायची जागा गेली म्हणून खाणं थांबलेलं नाही. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यानंतर पानमसाला एका पाउचमध्ये आणि तंबाखू दुसऱ्या पाउचमध्ये मिळू लागली. गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून गालात भरतं. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात देशातले २१ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले. मध्य प्रदेशात हे प्रमाण २८ टक्के होतं.

आपल्या मराठी घरांमधून एक वाक्य मी नेहमी ऐकते: “आमच्याकडे कोणी तंबाखूला हात लावत नाही, जेवणानंतर सुपारी तेवढी.” सुपारी पूजेत असते, लग्नाच्या बोलणीत असते, अडकित्ता आजीच्या हातचा असतो. त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाच, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, कर्करोग नक्की करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा निष्कर्ष २००४ साली जाहीर झाला. गोड सुपारी, भाजकी सुपारी, पानमसाल्यातली सुपारी, सगळी त्यात आली.

सुपारी गालाचं काय करते ते जरा सविस्तर सांगते, कारण लाळचाचणीचा प्रश्न शेवटी इथेच येऊन ठेपतो. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखालच्या पेशी तंतुमय प्रथिन, म्हणजे कोलॅजन, गरजेपेक्षा जास्त तयार करू लागतात. सुपारीत तांबंही भरपूर असतं. त्यामुळे हे तंतू एकमेकांत घट्ट गुंफले जातात आणि शरीराला ते मोडता येत नाहीत. मऊ गाल हळूहळू पांढुरका आणि ताठ होतो, बोट फिरवलं की आत दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांवर लिहिलं.

सुरुवातीला फक्त तिखट झोंबतं. ज्याला लौंगाची शेव मुठीने खायची सवय, त्याला एक दाणाही सोसत नाही. मग तोंड कमी उघडू लागतं आणि पाणीपताशा आत जाईनासा होतो. आपली स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसली पाहिजेत. दोनच बसत असतील तर तपासणी करून घ्या. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि १९८५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यांच्यातल्या ७.६ टक्के लोकांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला. म्हणजे शंभरातल्या सात-आठ जणांना. उरलेल्या नव्वदहून अधिक जणांना त्या काळात झाला नाही. हे सात-आठ जण कोणते, हे आधी कसं ओळखायचं? डोळ्यांना सगळे गाल सारखेच ताठ दिसतात. लाळेकडून मला खरी आशा आहे ती या ठिकाणी.

लाळ काय काय जाणते

कानापुढे एक, जबड्याखाली एक आणि जिभेखाली एक, अशा लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी असतात. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ बनते. तिच्यात सुमारे ९९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या एक टक्क्यात क्षार, भात चावताना गोड लागायला लावणारं अमायलेज, चिकटपणा देणारं म्युसिन, जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं आणि अजून बरंच काही असतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी मिळून लाळेतल्या प्रथिनांची यादी केली, ती १,१६६ वर गेली.

शरीरातली माहिती लाळेत येते ती तीन वाटांनी. ग्रंथींभोवती रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यातून काही रेणू पाझरून लाळेत उतरतात. हिरडी आणि दात यांच्या फटीतून रक्तद्रवासारखा द्रव सतत झिरपत असतो, तो दुसरी वाट. आणि तिसरी म्हणजे तोंडाच्या अस्तरातून सतत गळणाऱ्या पेशी. हे अस्तर भराभर नवं होत असतं, जुन्या पेशी लाळेत मिसळतात आणि आपण त्या गिळून टाकतो.

यकृतात गाठ असेल तर तिची खूण रक्तात येईपर्यंत पातळ होऊन जाते. तोंडातली गाठ मात्र लाळेत अक्षरशः बुडालेली असते. तिच्या मेलेल्या पेशी, तिने सोडलेली प्रथिनं, तिच्या डीएनएचे तुकडे थेट लाळेत पडतात. लाळेवरून मधुमेहापासून स्तनाच्या कर्करोगापर्यंत सगळं ओळखण्याचे प्रयत्न जगात चालू आहेत. पण त्या सगळ्यांत तोंडाच्या कर्करोगाची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते, ती याच कारणासाठी.

शोधायचं काय?

जैवखूण, म्हणजे बायोमार्कर, म्हणजे शरीरातली अशी मोजता येणारी गोष्ट की जिच्या वाढण्या-घटण्यावरून आजाराचा अंदाज येतो. रक्तातली साखर ही मधुमेहाची जैवखूण. तोंडाच्या कर्करोगासाठी लाळेत अशा चार प्रकारच्या खुणा शोधल्या जातात.

सर्वांत आधी नाव झालं ते आरएनएचं. पेशीच्या डीएनएमध्ये सगळ्या सूचना असतात. त्यांतली जी सूचना त्या क्षणी वापरात असते, तिची नक्कल म्हणजे आरएनए. म्हणजे आरएनए बघितला की पेशी आत्ता काय करते आहे ते समजतं. लाळेत आरएनए तोडणारी द्रव्यं खच्चून भरलेली असतात, तिथे तो टिकणारच नाही असं पूर्वी मानलं जाई. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने तो टिकतो हे दाखवलं आणि २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसं यांच्या लाळेची तुलना केल्यावर सात आरएनए रुग्णांमध्ये ठळकपणे वाढलेले दिसले. त्यांतल्या काहींची एकत्र मोट बांधल्यावर रुग्ण ओळखण्याची क्षमता ९१ टक्के आली आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची क्षमताही ९१ टक्के. या क्षेत्रातलं पुढचं बरंचसं काम या एका अभ्यासाने सुरू केलं. २००९ मध्ये त्याच गटाने सूक्ष्म-आरएनएकडे मोर्चा वळवला. हे अगदी आखूड तुकडे असतात, इतर सूचनांवर लगाम ठेवणारे. असे दोन तुकडे रुग्णांच्या लाळेत कमी झालेले आढळले.

प्रथिनांमध्ये सर्वांत जास्त अभ्यास झाला तो इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ यांचा. शरीरात कुठे सूज आली की पांढऱ्या पेशींना बोलावणारे हे निरोप आहेत. कर्करोगाच्या पेशी ते स्वतःच तयार करतात, कारण त्यांच्या मदतीने गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या ओढता येतात. २००८ मध्ये पाच प्रथिनांचा एक संच पुढे आला, त्याने रुग्ण ओळखण्याची क्षमता ९० टक्के आणि निरोगी ओळखण्याची ८३ टक्के दाखवली.

डीएनएचं काम मला सर्वांत चोख वाटतं. कर्करोग म्हणजे शेवटी डीएनएमधल्या चुका, आणि त्या चुका निरोगी पेशीत नसतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी डोकं आणि मान या भागातल्या कर्करोगाच्या ९३ रुग्णांची लाळ आणि रक्त तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचा कर्करोग तोंडात होता, त्या सगळ्यांच्या लाळेत गाठीचा डीएनए सापडला. घशाच्या मागच्या भागातल्या किंवा स्वरयंत्रातल्या कर्करोगात लाळ कमी पडली, तिथे रक्त जास्त उपयोगी ठरलं. बातम्यांमध्ये यातली एक गोष्ट सुटते. या अभ्यासात आधी प्रत्येक रुग्णाच्या गाठीतली चूक शोधली होती आणि मग तीच चूक लाळेत पाहिली होती. रुग्ण कोण हे माहीत असताना त्याची खूण सापडणं वेगळं आणि रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांमधून रुग्ण शोधणं वेगळं.

चौथा प्रकार चयापचयातल्या लहान रेणूंचा. गाठीच्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यांचं खाणं-टाकणं वेगळं असतं. जपानच्या केयो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये लाळेतल्या ५७ पदार्थांवरून तोंड, स्तन आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे वेगवेगळे ठसे दिसतात असं मांडलं.

नव्वद टक्के म्हणजे किती?

एवढे चांगले आकडे असताना ही चाचणी सर्रास का वापरली जात नाही, असं वाटणं साहजिक आहे. इथे थोडा हिशेब करू या. या हिशेबातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा एक चाचणी शंभरातले नव्वद रुग्ण ओळखते आणि शंभर निरोगी लोकांपैकी नव्वद जणांना बरोबर निरोगी म्हणते. एका वस्तीत आपण १०,००० लोकांची लाळ तपासली, आणि त्यांच्यात प्रत्यक्षात २० जणांना कर्करोग आहे. चाचणी त्यांतले १८ पकडेल, दोघे सुटतील. आता उरलेले ९,९८० निरोगी लोक. त्यांतल्या दहा टक्क्यांना, म्हणजे ९९८ जणांना, चाचणी चुकून ‘संशयित’ ठरवेल. एकूण १,०१६ जणांच्या हातात ‘संशयित’ असा कागद पडेल आणि त्यांतले खरे रुग्ण फक्त १८. उरलेल्या जवळपास हजार घरांत रात्रीची झोप उडेल, लोक रजा टाकून तपासण्यांच्या रांगेत उभे राहतील, आणि त्या गर्दीत खऱ्या अठरा जणांचा नंबर लांबेल.

आता हीच चाचणी दुसरीकडे लावू. दंत महाविद्यालयात असे १,००० लोक आले आहेत की ज्यांच्या गालात पांढरा किंवा लाल चट्टा आहे, किंवा तोंड ताठलं आहे. त्यांच्यात १०० जणांना कर्करोग सुरू झाला आहे असं धरू. चाचणी ९० जणांना पकडेल आणि कर्करोग नसलेल्या ९०० लोकांपैकी ९० जणांना चुकून संशयित ठरवेल. म्हणजे ‘संशयित’ म्हटलेल्या दोघांपैकी एकाला खरंच आजार आहे. चाचणी तीच, पण इथे तिचा निकाल डॉक्टरला पुढचं पाऊल ठरवायला कामाला येतो. तोंडाच्या कर्करोगाच्या लाळचाचणीबद्दल कोणी ‘९० टक्के अचूक’ असं म्हणालं की मी पहिल्यांदा हेच विचारते: कोणाच्या लाळेवर?

दुसरी अडचण हिरड्यांची आहे, आणि ती आपल्याकडे मोठी आहे. इंटरल्यूकिन-६ आणि ८ या सुजेच्या खुणा आहेत. पायरिया झालेल्या हिरड्यांमधूनही त्या लाळेत येतात, गालात पांढऱ्या रेषा उमटवणाऱ्या लायकेन प्लेनससारख्या साध्या वाटणाऱ्या आजारातही वाढतात. सुरुवातीच्या अभ्यासांत तुलना बहुधा कर्करोगाचे रुग्ण आणि धडधाकट माणसं यांच्यात होती. पण माझ्या खुर्चीवर येणाऱ्या माणसाचे दात किडलेले असतात, हिरड्यांतून रक्त येतं, गालात पंधरा वर्षांची सुपारी असते. चाचणीने अशा गर्दीतून कर्करोग वेगळा काढून दाखवला पाहिजे.

तिसरी गोष्ट कर्करोगाच्या जागेची. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जास्त करून जिभेवर आणि जिभेखाली होतो. आपल्याकडे तंबाखूची गोळी जिथे दाबून ठेवतात तिथे, गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, तो सर्वांत जास्त दिसतो. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि नवी मुंबईतलं टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग संशोधन केंद्र ‘अॅक्ट्रेक’ यांनी अशाच गाल-हिरडीच्या गाठींच्या जनुकांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. टीपी-५३ सारखी ओळखीची जनुकं त्यात होतीच, पण या कर्करोगाशी पूर्वी जोडली न गेलेली काही जनुकंही सापडली. कॅलिफोर्नियातल्या रुग्णांवर बेतलेला खुणांचा संच इंदूर-उज्जैनच्या सुपारी खाणाऱ्याला जसाच्या तसा लागू पडेल असं गृहीत धरू नये. ही पारख आपल्याच लोकांवर, मोठ्या संख्येने आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करून व्हायला हवी. सबम्यूकस फायब्रोसिसचे रुग्ण आपल्याकडे जेवढे आहेत तेवढे जगात फार थोड्या ठिकाणी असतील. हे काम इथेच झालं पाहिजे असं मला फार वाटतं.

लाळ देतात कशी

यात सुई नाही, रक्त नाही, पण शिस्त हवी. लाळेचं प्रमाण आणि तिच्यातले पदार्थ दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतात, म्हणून नमुना सहसा सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान घेतात. त्याआधी तासभर तरी काही खायचं-प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत, विडी-तंबाखू तर नाहीच. पोहे-जिलबी खाऊन आलेल्या माणसाचा नमुना बाद. साध्या पाण्याने चूळ भरायची, शांत बसायचं, मान थोडी पुढे झुकवायची आणि तोंडात आपोआप साठणारी लाळ नळीत ओघळू द्यायची. खाकरून काढलेला कफ चालत नाही. नळी बर्फात ठेवायची, कारण आरएनए उबेत पटकन तुटतो. मग यंत्रात फिरवून गाळ वेगळा करायचा आणि नमुना उणे ८० अंशांवर साठवायचा. प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत थोडी वेगळी असते, त्यामुळे एकीचा निकाल दुसरीशी ताडून बघणं कठीण जातं. सगळीकडे एकच पद्धत आणि एकच सीमारेषा ठरणं अजून बाकी आहे.

तोंड ताठलेल्या रुग्णासाठी लाळेचा आणखी एक फायदा मला दिसतो. ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या गालाच्या मागच्या भागात आरसा घालणं अवघड, तुकडा काढणं तर त्याहून अवघड. लाळ मात्र सगळीकडून वाहत येते. अशा माणसाची दर सहा महिन्यांनी लाळ घेतली आणि त्याच्याच जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली, तर त्या सात-आठ टक्क्यांमधला कोण ते वेळेत कळू शकेल. एकदा उपचार झालेल्या रुग्णांनाही याचा उपयोग होईल. तंबाखूने तोंडाचं सगळंच अस्तर बिघडलेलं असतं, त्यामुळे एक गाठ काढली तरी दुसरीकडे नवी उगवू शकते. त्यांची तर आयुष्यभर राखण करावी लागते. म्हणून लाळचाचणीची पहिली जागा या दोन गटांत असावी असं माझं ठाम मत आहे. काकांच्या मुलासारख्या, तोंडात अजून काहीही न दिसणाऱ्या तरुणासाठी सध्या तिचा उपयोग नाही. त्याच्यासाठी पाउच सोडायचं समुपदेशन आणि वर्षातून एकदा तोंडाची तपासणी, हे जास्त कामाचं.

आज हातात काय आहे

नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासत, आणि काही भागांत तुलनेसाठी अशी तपासणी नव्हती. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू या तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. यासाठी लागलं ते बॅटरी, हातमोजे आणि शिकलेली नजर. ३० वर्षांवरील प्रत्येकाची दर पाच वर्षांनी तोंडाची तपासणी व्हावी हे सरकारी कार्यक्रमातही २०१६ पासून आहे, आशाताई आणि एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) यांच्यामार्फत. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अशी तपासणी कधीतरी झाली आहे असं सांगणारे पुरुष १.२ टक्के आणि स्त्रिया ०.९ टक्के होत्या. हा आकडा मला अस्वस्थ करतो.

घरी आरशासमोर उजेडात पाहा. दोन्ही गाल आतून, ओठ उलटून, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर करून खालची जागा, मग टाळू. पांढरा चट्टा, त्याहूनही लाल मखमली चट्टा, न दुखणारी पण दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कारण नसताना हलणारा दात, दात काढल्यावर न भरणारी खाच, मानेत लागणारी गाठ, यातलं काहीही दिसलं तर दुखायची वाट पाहू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुतेक वेळा दुखत नाही. इंदूरमध्ये सरकारी दंत महाविद्यालय आहे, एम.वाय. रुग्णालय आहे. बाहेरगावच्या नातेवाइकांनाही हे सांगा.

कोणी खासगीत लाळेची कर्करोग-चाचणी देऊ केली तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. ती भारतातल्या सुपारी-तंबाखू खाणाऱ्या, हिरड्या खराब असलेल्या लोकांवर तपासली आहे का? आणि ‘सगळं ठीक’ असा निकाल आला तर गालातला चट्टा तुम्ही तसाच सोडून द्यायला सांगणार का? अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही संशयास्पद चट्ट्यासाठी बाजारातल्या लाळचाचण्यांची शिफारस केलेली नाही. चट्टा दिसतो आहे तर तुकडा काढूनच तपासा, असं त्यात स्पष्ट आहे.

या तुकडा काढण्याची, म्हणजे बायोप्सीची, आपल्याकडे जबरदस्त भीती आहे. “सुरी लावली की पसरतो, आमच्या भावजींचं असंच झालं,” असं मला शिकलेली माणसंही सांगतात. लाळचाचणीची वाट पाहण्यामागे पुष्कळदा हीच भीती असते. भावजींचा आजार बहुधा तोवर पुढे गेलेला असतो, बायोप्सीने तो फक्त उघड होतो. तोंडातली बायोप्सी दात काढताना देतात तशीच बधिरता देऊन होते. चट्ट्यातला आणि लागून असलेल्या चांगल्या भागातला छोटा तुकडा घेतात, एक-दोन टाके पडतात, त्या दिवशी मऊ आणि गार खायचं. मग तो तुकडा पातळ कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: पेशींचा आकार बिघडला आहे का, आणि त्या अस्तराची सीमा ओलांडून खाली उतरल्या आहेत का. हे दोन प्रश्न आज फक्त तिथेच सुटतात. त्याचा अहवाल साधारण आठवड्याभरात हातात येतो.